राबातली पिल्लं

आमच्या वाडीत कोणालाही विचारा, चांगोनं, म्हणजे मी, सशाची गोष्ट किती वेळा सांगितली, तर तो कपाळावर हात मारील. हळदीला सांगितली, बारशाला सांगितली, एकदा तर मयताची लाकडं येईपर्यंत सांगितली. लहानपणी माझ्या थोरल्या बहिणीनं, जनाबायनं, रानातल्या सशाची तीन पिल्लं शेळीच्या दुधावर जगवली आणि मोठी करून सिद्धगडाच्या रानात सोडली, ती ही गोष्ट. मी पण होतो त्यात. मी सहा वर्षांचा, जनाबाय बारा. ती कामाला जायची आणि मी दिवसभर पिल्लांच्या पाटीजवळ बसून त्यांना दूध पाजायचो. हे सांगताना माझी छाती जरा पुढं यायची. साठ वर्षं पुढं येत होती.

ह्या वैशाखात राब भाजायचा होता. ज्याला शेत ठाऊक नाय त्याला सांगतो. भाताचं रोप जिथं करायचं तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा. खाली शेण, वर आयनाच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर थोडी माती भुरभुरायची, म्हणजे आग भडकत नाय, दमानं धुमसते. आमच्या बाची एक रीत होती. चूड, म्हणजे पेटत्या गवताची जुडी, लावायच्या आधी काठी घेऊन राब चहूबाजूनं झोडायचा आणि मोठ्यानं हाळी द्यायची, "निघा रे, निघा, भाजतोय!" राब पंधरा पंधरा दिवस रचून पडलेला असतो. त्यात साप येऊन बसतो, मुंगूस येतं, घोरपड येते. त्यांना वाट द्यायची, मंग चूड. बा गेल्यावर मी पण दर साली हाळी देत आलो. लोक हसायचे, हसू देत.

त्या दिवशी वारा पडला होता. पडलेला वारा कधी उठेल सांगता येत नाय. खालच्या बांधावरनं शेजारचा जैतू ओरडला, "चांगोदादा, आता लाव, नायतर बसशील वाऱ्याला शिव्या देत!"

मी लावली. काठी झोडली नाय, हाळी दिली नाय. तेवढंच चुकलं.

हातभर आग सरकली असेल, तोच राबाच्या मधनं सशीण उसळली. पाठीवरचे केस जळत होते तिचे. ती रस्त्याकडं सुटली आणि आंब्याखाली जैतूची दोन कुत्री निजलेली, ती उठली. बांध ओलांडायच्या आधीच गाठली तिला. मी तिकडं बघतोय आणि इकडं ती जिथनं उसळली तिथं माझी नजर गेली. आयनाच्या फांद्यांखाली गवताला वाटीएवढी खोलगट जागा केलेली आणि त्यात काहीतरी हाललं. मी पायानंच पेटत्या फांद्या उडवल्या. चप्पल वितळली एक. तीन पिल्लं होती. मुठीत मावतील एवढी, पण अंगावर केस, डोळे टक्क उघडे. आरडत नव्हती, पळत नव्हती. नुसती बसून होती, त्यांच्या आयनं बसवली तशी.

टॉवेलात गुंडाळून वर आलो तर जैतू सशीण कानाला धरून उभा.

"आय मला, पिल्लं तुला. वाटणी बरोबर झाली का नाय, दादा?"

मी त्याला जे बोललो ते कागदावर लिहिण्यासारखं नाय. सशीण त्याच्या हातातनं हिसकून घेतली आणि बांधाखाली पुरली. जैतू म्हणाला, "एवढ्याशा मटणासाठी कोण एवढं तापतं काय?" आणि तोंड फिरवून गेला.

घरी माझी सून दामिनी भांडी घासत होती. टॉवेल उघडला तशी उठलीच.

"बाबा, हे काय आणलंत? रानातलं जनावर घरात ठेवायला परवानगी नाय. मी फॉरेस्टच्या गार्डला फोन लावते."

लावलाच तिनं. गार्ड भला माणूस. तो म्हणाला, आय मेली आहे तर आत्ता सोडून उपयोग नाय, दूध तुटेपर्यंत सांभाळा, हात कमी लावा, आणि मंग त्याच रानात सोडा. पाळायची नायत. वर म्हणाला, शंभरातली दहा जगतात, तुमी मनाला लावून घेऊ नका.

"त्याला म्हणावं, हा चांगो तीन जगवून बसलाय," मी म्हणालो. "ते पण शाळेत न जाता."

आमची शेळी आटलेली होती. म्हशीचं दूध घेतलं, थोडं पाणी घातलं, कापसाची वात केली. वातीचं टोक दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडाला लावलं, की ते चुरूचुरू ओढायचं. मी पाटीजवळ बसलो तो उठलोच नाय. एकानं तोंड हालवलं की वात, दुसऱ्यानं मान उचलली की वात. दामिनी म्हणाली, "अहो बाबा, माणसाच्या पोराला पण टाइम असतो." मी म्हणालो, "तू तुझं बघ." माझ्या आठवणीत सगळं असंच होतं. पाटी, वात, मांडीवर उन्हाची तिरीप, आणि जनाबाय शेतावरनं आली की विचारणार, चांग्या, प्याली का रे पोरं? पोटं गोल गरगरीत झाली तसा मी खूश. आणि मला खरंच वाटलं, की मी राबात जे केलं ते ह्या तिघांना जगवून भरून निघंल. एक जरी गेलं तर ते माझ्याच डोक्यावर, हे पण कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला सगळ्यांत लहान होतं त्याचं पोट ढोलासारखं झालं. टिचकी मारली तर वाजंल असं. मान उचलंना. उजाडायला गेलं ते.

"जनाआत्यांना विचारा की," दामिनी म्हणाली.

"तिला काय विचारायचं? मी काय विसरलोय?"

पण दुपारपर्यंत दुसऱ्याचं पण पोट फुगायला लागलं. मंग मी दामिनीला म्हणालो, लाव फोन. जनाबाय आटगावला ऱ्हाते, तिच्या लेकीकडं, अंजूकडं. बहात्तर वर्षांची हाय, गुडघा गेलेला, पण आवाज अजून हाळी द्यायच्या लायकीचा.

फोनात पहिला पंखा दिसला, मंग अर्धं कपाळ.

"जनाबाय, फोन खाली धर. पंखा दिसतोय."

"तू माझं तोंड बघायला फोन केलास का कामाला? बोल."

मी सगळं सांगितलं. राबाचं सांगितलं. हाळी दिली नाय ते पण सांगितलं. तिनं विचारलं, "दूध कसलं?"

"म्हशीचं."

"किती वेळा?"

"दिवसभर. थोडं थोडं. आपण तवा पाजायचो तसंच."

पंख्याचा आवाज येत ऱ्हायला.

"जनाबाय? फोन गेला का?"

"हाय मी. चांग्या, दूध बंद कर. आज काय देऊ नको, उद्या सकाळी पण देऊ नको."

"उपाशी?"

"उपाशी. आणि कोमट पाण्यात फडकं भिजव, पिळून घे, आणि शेपटीखाली हळूहळू पूस. रानात आय जिभेनं चाटते, तवा पिल्लू मुततं. नाय चाटलं तर त्याचं त्याला मुतता येत नाय. सगळं आतच ऱ्हातं."

"हे तुला काय माहीत? तवा तर आपण असलं काय केलं नव्हतं."

"नव्हतंच केलं."

"मंग?"

"मंग मेली."

"कोण मेली?"

"पिल्लं रे. तिन्ही. चौथ्या दिवशी."

मला वाटलं म्हातारपणानं तिला आता काय आठवत नसंल. मी हसलो पण थोडा. "अगो, महिनाभर होती घरात. दात आले, उड्या मारायला लागली, एकानं सुपातला पाला खाल्ला. मी बघितलंय. रानात जाताना बघितलंय."

"तू काय बघितलंस? मी सांगितलं ते बघितलंस."

दामिनी फोन धरून उभी होती, तिनं मान खाली घातली.

जनाबाय मंग सावकाश बोलली. आमची आय त्याच साली चैत्रात गेलेली. एवढं मला ठाऊक होतं, पण ह्या दोन गोष्टी मी कधी एका जागी ठेवून बघितल्याच नव्हत्या. मी आय कुठं गेली, आय कुठं गेली करून दाराशी बसायचो. बानं राबातनं पिल्लं आणून दिली, पोरगं रमंल म्हणून. पोरगं रमलं. एवढं रमलं की पाजून पाजून मारली. सकाळी उठून जनाबायनं पाटीत बघितलं आणि बाला म्हणाली, आता ह्याला काय सांगू? बा म्हणाला, काय पण सांग, पण मेली असं सांगू नको.

"मंग मी पाटीत गवत भरलं आणि पाटी माळ्यावर ठेवली," ती म्हणाली. "तुला म्हणाले, आता हात लावायचा नाय, मोठी होतायत. तू रोज विचारायचास. मी रोज काहीतरी सांगायचे. आज दात आला. आज उडी मारली. एक दिवस सांगून टाकलं, की तू झोपलेला तवा गेली सिद्धगडाकडं. तू दोन दिवस रागवलास, की मला उठवलं का नाय. मंग विसरलास."

"साठ वर्षं लोकांना सांगतोय मी," मी म्हणालो. "तुझ्यासमोर सांगितलंय. अंजूच्या लग्नात सांगितलं, तू शेजारी बसून मान हालवत होतीस."

"मंग काय करू? मांडवात उठून सांगू, की ह्यानं मारली?"

मी फोन बंद केला. म्हणजे दामिनीला म्हणालो बंद कर, आणि अंगणात जाऊन बसलो. राग कोणावर काढायचा तेच कळंना. तिच्यावर काढावा तर ती बारा वर्षांची पोर. स्वतःवर काढावा तर मी सहा वर्षांचा. माझ्यापाशी लहानपणीची म्हणून जे चार बरे दिवस होते, त्यातला एक महिना त्या पोरीनं स्वतःच्या डोक्यातनं काढून मला दिलेला. आणि तिनं दिलं तर मी घेतलंच ना. मांडीवर उन्हाची तिरीप पण माझी मीच घातली असंल त्यात.

घरात गेलो तर दामिनी खाली बसून फुगलेल्या पिल्लाला फडक्यानं पुसत होती. तिची साडी भिजलेली.

"बाबा, मुतलं," ती म्हणाली. तोंडावर असं हसू, की जसा तिचा लेक पास झाला.

मी तिला म्हणालो, परत लाव फोन.

ह्या खेपेला पंखा नव्हता, तोंडच दिसलं. रडलेलं होतं, पण ती म्हणाली कांदा चिरत होते.

"बोल," मी म्हणालो, "कसं करायचं ते सांग. पहिल्यापासनं सांग. मला काय येत नाय असं धरून सांग."

"ते तर मी पहिल्यापासनंच धरलंय," ती म्हणाली.

तिला हे तिच्या सासूनं शिकवलेलं, तानीबाईनं. शेतात पिल्लू सापडलेलं, ते त्या बाईनं जगवलं आणि जनाबायनं बघितलं. तवाच तिला कळलं आपली कशानं मेली ते. आणि तवापासनं ते पोटात ठेवून बसलेली. तिनं सांगितलं ते असं. सशीण दिवसभर पिल्लांजवळ नसते, कुत्र्याकोल्ह्याला वास लागू नये म्हणून. सांज झाली की येते, घटकाभर पाजते, चाटते, जाते. फार तर उजाडायला एकदा. तू पण तेवढंच करायचं. दूध शेळीचं, कोमट. पिल्लाला उताणं धरायचं नाय, चार पायावर बसवायचं, नायतर दूध नाकात जातं. औषधाच्या थेंबाथेंबाच्या नळीनं द्यायचं, आणि पोट हाताला मऊ लागतंय तवरच थांबायचं. पाटी अंधारात. आणि बोलायचं नाय त्यांच्याशी.

"बोलायचं पण नाय?"

"तुला जमणार नाय ते. तरी सांगतेय."

शेळीचं दूध म्हणजे जैतू. आख्ख्या वाडीत त्या दिवसांत दुभती शेळी त्याचीच. मी त्याच्या दाराशी जाऊन उभा ऱ्हायलो, हातात वाटी.

"वाटणीत दूध नव्हतं, दादा," तो म्हणाला.

"जैतू, एक मेलं. दोनच ऱ्हायलीत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, वाटी घेतली आणि शेळीखाली बसला. दुसऱ्या सांजेला स्वतःच घेऊन आला, आणि म्हणाला, कुत्री बांधून ठेवलीत, आता बायको माझ्यावर भुंकते.

फुगलेलं पिल्लू दोन दिवस काठावर होतं. तिसऱ्या दिवशी सांजेला चार थेंब घेतले, पाचव्याला तोंड फिरवलं. मला असं झालं की अजून एक देऊ, अजून एकच. हात पुढं गेलेला माझा. वाटी उचलली आणि दामिनीकडं दिली. म्हणालो, ही बाहेर घेऊन जा, माझा भरवसा नाय.

मंग रोजचंच झालं. सूर्य डोंगराला टेकला की दूध, फडकं, पाटी परत कोठीत. बाकीचा सगळा दिवस मोकळा, आणि तोच कठीण. कोठीचं दार लोटलेलं, आत दोन जीव, आणि मी ओट्यावर बसून दाराकडं न बघायचं काम करतोय. पाजून झालं की आटगावला फोन. "कॅमेरा पाटीकडं फिरव, तुझं नाक नको दाखवू." ती बघायची. मान हालवायची. आणि मंग बोलणं सशांवरनं घसरत घसरत जुन्या घराकडं जायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं ते, आता तिथं सागाचं रान हाय. माळ्याला लाकडी शिडी होती, तिची तिसरी पायरी मोडलेली. बा भात झोडताना गायचा आणि कोणी आलं की गप बसायचा. आय करवंदं मिठात घालून उन्हात ठेवायची आणि मी ती चोरून, तोंड वाकडं करून खायचो. साठ वर्षांत आमी एवढं बोललो नव्हतो. ती मुरबाडच्या बाजाराला गेल्यागत एक एक वस्तू उचलून दाखवायची, आणि मी प्रत्येकीला विचारायचो, ही खरी का?

"ही खरी."

"शिडीची पायरी?"

"मीच पडलेय तिच्यावरनं. हा बघ वण."

एक दिवस मी धीर करून विचारलं. माझ्यापाशी आयची म्हणून माझी स्वतःची अशी एकच आठवण हाय. ती मला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडतेय. पाणी गुडघ्याच्या वर. तिच्या केसांना धुराचा वास. मी विचारलं, "ते तरी हाय ना, जनाबाय? का ते पण तू सांगितलेलं?"

तिनं फोन तोंडाजवळ घेतला.

"ते मी तुला कधी सांगितलं नाय," ती म्हणाली. "ते तुझंच हाय."

पंधराव्या दिवशी पिल्लांनी हरळीचं पातं ओढून खाल्लं. महिना होईस्तोवर दूध तुटलं. पाटी पुरंना, कोठीत धडका मारायला लागली. गार्ड येऊन दुरून बघून गेला आणि म्हणाला, आता उशीर करू नका. मी म्हणालो, दोन दिवस. त्या दोन दिवसांत जनाबाय आली. अंजूनं मुरबाडपर्यंत गाडीत घालून आणली, तिथनं जैतूच्या टेम्पोत. उतरली ती काठी टेकत, आणि मला म्हणाली, "किती वाळलास रे. ससे जगवलेस का स्वतः खाल्लास पाला?"

सांजेला आमी दोघंच निघालो. डोंगराच्या अंगाला, ओढ्यापलीकडं दाट गवताचा पट्टा हाय, वाडीची कुत्री तिथवर जात नायत. पहिल्या सरी होऊन गेलेल्या, गवताला नवा कोंब. मी पाटी आडवी केली. एक पिल्लू बाहेर आलं, कान फिरवले, दोन उड्या, आणि गेलं. बघायच्या आत गेलं.

दुसरं, ते फुगलेलं, बाहेर येऊन माझ्या पायापाशी बसलं. नाक हालत होतं नुसतं. जनाबाय म्हणाली होती तसंच, बोलायचं नाय हे मला जमलं नव्हतं. कोठीच्या दाराआडनं चार शब्द रोज जायचे, दामिनी नसताना. ते सगळे त्यानं ऐकलेले.

मी वाकायला लागलो.

"उठ," जनाबाय म्हणाली.

"जरा थांब. हे जाईल, मंग जाऊ."

"तू उभा हायस तवर ते जायचं नाय. चल. आणि मागं बघायचं नाय."

"कोल्हा आला तर?"

"आला तर आला. चल, चांग्या."

तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला, अर्धा आधाराला आणि अर्धा ओढायला. आमी पाठ फिरवली. दहा पावलं गेलो, वीस गेलो. मागं गवत वाजलं का वारा होता, मला सांगता येत नाय.

"गेलं असंल का गो?" मी विचारलं.

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "मी पण पुढंच बघतेय."

मी मान वळवली नाय. उतार निसरडा होता आणि तिचा गुडघा धड नव्हता. मला तिच्या पायाकडं बघायचं होतं.